आगमनकाळ

आगमनकाळ हा पाश्चात्त्य ख्रिस्ती उपासनावर्षाचा पहिला कालखंड होय. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान, त्याचा आरंभ होतो. त्यामुळे तो 22 ते 28 दिवसांचा असतो. ‘आगमन’ या अर्थाच्या ‘आदव्हेंतुस’ या लॅटिन शब्दाचा हा मराठी पर्याय आहे. येशूचा जन्म आणि काळाच्या अंती होणारे त्याचे पुनरागमन, अशा दोन्ही आगमनांची प्रतीक्षा त्यात अभिप्रेत आहे.

उगम आणि उपवास

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गॉलमधील तूर येथील बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (11 नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिला. सहाव्या शतकात माकों येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार व शुक्रवार हे वार नेमले. रोममध्ये पुढे चार रविवारांची प्रथा स्थिरावली. मिलानच्या अँब्रोझियन परंपरेत मात्र आजही सहा रविवार पाळले जातात. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळापूर्वी चाळीस दिवसांचा उपवास असतो.

प्रायश्चित्ताकडून प्रतीक्षेकडे

मध्ययुगानंतर पाश्चात्त्य चर्चमधील उपवास हळूहळू शिथिल झाला आणि 1917 च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत आगमनकाळाच्या उपवासाचे बंधन उरले नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 च्या नियमांत, या काळाचे वर्णन भक्तिपूर्ण व आनंदमय प्रतीक्षेचा काळ असे केले गेले. प्रायश्चित्ताच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नाहीत: जांभळी वस्त्रे कायम आहेत आणि रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ गायिले जात नाही, ‘आलेलुया’ मात्र गायिले जाते. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रे वापरता येतात. याच परिषदेने लोकभाषांना वाव दिल्यामुळे वसई परिसरातील कॅथलिक समाजात ही उपासना मराठीतून होऊ लागली.

घरगुती प्रथा

योहान हिन्रिक व्हिकेर्न या लुथरन पाद्रींनी 1839 मध्ये हॅम्बुर्गमधील आपल्या बालगृहात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या, तर इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या होत्या. नाताळाला किती दिवस उरले, हे मुलांना त्यावरून कळे. आजचे चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र त्यातूनच आले. विसाव्या शतकात ते कॅथलिक चर्चमध्येही रूढ झाले. आगमन-दिनदर्शिकाही जर्मनीतीलच, विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेर्हार्ड लांग यांनी तिच्या छापील आवृत्त्या लोकप्रिय केल्या.

सद्यःस्थिती

बाजारात मिळणाऱ्या दिनदर्शिका बहुधा 1 डिसेंबरलाच सुरू होतात. चर्चच्या गणनेशी त्यांचा आरंभ क्वचितच जुळतो. एके काळी उपवासाचे असलेले हे आठवडे अनेक देशांत खरेदी आणि मेजवान्यांचे झाले आहेत. म्हणूनच या काळातील संयम, दानधर्म व प्रार्थना यांचे स्मरण चर्चकडून पुनःपुन्हा करून दिले जाते.