सांताची गाडी ओढणारे नर की माद्या?

डिसेंबरात दादर किंवा क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारलीत, तर सांताची गाडी ओढणारे प्लास्टिकचे रेनडिअर हमखास दिसतात. डोक्यावर ही भलीमोठी, फांद्याफांद्यांची शिंगं. आजचा प्रश्न साधा आहे: हे नर की माद्या?

उत्तर देतो, पण आधी भायखळ्याला जाऊया.

१५ सप्टेंबर १८८३. आज ज्याला आपण राणीबाग म्हणतो, त्या आवारातल्या म्युझियममध्ये (आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ माणसं जमली. ठरवलं काय, तर महिन्यातून एकदा भेटायचं, प्राण्यांबद्दल आपण जे पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, नमुने दाखवायचे. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस. सहा जण इंग्रज, दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. गिरगावातला ‘प्रार्थना समाज’चा स्टॉप माहीत आहे ना? तो समाज १८६७ साली स्थापन करणारे हेच आत्माराम पांडुरंग. आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे जाणकार. १८८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी सोसायटीचं जर्नल सुरू झालं, ते आजही निघतं.

आता शिंगांकडे. मराठीत आपण सगळ्यांनाच ‘शिंगं’ म्हणतो, पण प्रकार दोन आहेत. काळवीट, गाय, बकरी यांची शिंगं जन्मभर राहतात. चितळ, सांबर, रेनडिअर यांची मात्र गळतात आणि पुन्हा नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की ती कातडी सुकून निघते आणि उरतं नुसतं हाड.

आपल्या चितळात शिंगं फक्त नराला. आणि गंमत बघा, आपल्याकडे कडक हिवाळा नाही, त्यामुळे सगळ्या नरांचं वेळापत्रक एक नसतं. एकाच कळपात एकाची शिंगं पक्की, दुसऱ्याची मखमली, तिसऱ्याचं डोकं रिकामं.

रेनडिअरला ही चैन परवडत नाही. हरणांत ही एकच जात अशी, की माद्यांनाही शिंगं येतात. नर सप्टेंबर-ऑक्टोबरात माद्यांसाठी झुंजतात आणि नाताळपर्यंत मोठ्या नरांची शिंगं बहुतेक गळून जातात. गाभण मादीची मात्र वसंतात वीण होईपर्यंत टिकतात. बर्फ उकरून खालचं दगडफूल काढायचं, तर त्या खड्ड्यावरून इतरांना हुसकवायला ती कामी येतात. म्हणजे सांताचे रेनडिअर बहुधा माद्याच! (गाडीला खच्ची केलेले नरही जुंपतात. त्यांचीही शिंगं उशिरा गळतात. तेवढी पळवाट सांताला आहे.)

त्यांचं अख्खं शरीरच ऋतूला बांधलेलं असतं. केस आतून पोकळ, म्हणून ऊब टिकते. डोळ्यामागचा चकाकणारा पडदा उन्हाळ्यात सोनेरी, तर हिवाळ्याच्या काळोखात निळा होतो.

पण ऋतूच चुकला तर? नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यामल भागात बर्फावर पाऊस पडला आणि गोठून त्याचा कडक थर बसला. चारा खालीच अडकला. सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. तिथल्या नेनेत्स लोकांची कितीतरी कुटुंबं या कळपांवरच जगतात.

असा पाऊस नेहमीचा की नवा, हे कळायला जुन्या नोंदी लागतात. कुणीतरी कधीतरी पाहून, तारीख टाकून लिहून ठेवलेलं लागतं. भायखळ्याच्या त्या आठ जणांनी आपल्याकडे हीच सवय लावली.

तर आजचा गृहपाठ: राणीबागेत जा. बुधवारी बंद असते, हां! सेल्फी नंतर. आधी चितळांच्या नरांकडे बघा: किती जणांची शिंगं पक्की, किती मखमली, किती जण बिनशिंगी. फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. महिन्याने परत जा.

आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!