कार्डिफचा तक्ता

पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधीपासून स्तन जड होतात, ठणकतात. जिना उतरताना हाताने आधार द्यावासा वाटतो, मूल धावत येऊन बिलगले तरी कळ येते. हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. डॉक्टरांनी मात्र ते मनापासून ऐकून घेतले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

लंडनचे नामवंत शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये स्तनांच्या विकारांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पाळी जवळ आली की दुखणे वाढते आणि बाई कर्करोगाच्या धास्तीने खचते, हे त्यांनी अचूक टिपले. पण असा त्रास हळव्या, चिडक्या प्रकृतीच्या बायकांना होतो, असेही त्यांनी लिहून ठेवले. पहिले निरीक्षण मागे पडले आणि हा शेरा तेवढा दीडशे वर्षे बायकांच्या माथी बसला. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्वीच्या त्रासाचा संबंध संप्रेरकांशी जोडला, तरीही ‘मनाचे खेळ’ हे पालुपद थांबले नाही.

ते थांबवायचे मोठे काम वेल्समधल्या कार्डिफ शहरात झाले. १९७०च्या दशकात तिथे लेस्ली ह्यूज, रॉबर्ट मॅन्सेल आणि पॉल प्रीस या शल्यविशारदांनी स्तनांच्या दुखण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. रुग्ण बाईच्या हाती एक साधा तक्ता दिला जाई. दिवसाला एक चौकोन. खूप दुखले तर तो पूर्ण काळा करायचा, थोडे दुखले तर अर्धा, नाही दुखले तर नुसता ठिपका, आणि पाळीच्या दिवशी ‘पी’ हे अक्षर. दोन-तीन महिन्यांत कागदच बोलू लागे: काळ्या चौकोनांची रांग ‘पी’पाशी येऊन संपलेली. सुमारे दोन तृतीयांश जणींचे दुखणे असे पाळीच्या चक्राला बांधलेले निघाले. ज्यांचे तसे नव्हते, त्यांचे कारण बरगडीत, स्नायूत किंवा आणखी कुठे शोधावे लागे.

१९७८ मध्ये याच गटाने थेट मनाच्या आरोपालाच हात घातला. स्तनदुखीच्या रुग्णांची मानसिक चाचणी घेऊन तिची तुलना मनोविकारांच्या रुग्णांशी केली आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी आलेल्या बायकांशीही. स्तनदुखीवाल्या बायका शिरांच्या रुग्णांसारख्याच निघाल्या. शिरा फुगलेल्या बाईला तिचे दुखणे मनाचे आहे, असे कोण सांगते?

उपचारांचा इतिहास इतका सरळ नाही. चहा-कॉफी सोडायचा सल्ला गाजला, पण पुढच्या अभ्यासांत त्याला ठाम आधार मिळाला नाही. ईव्हनिंग प्रिमरोज या वनस्पतीच्या तेलाचा ब्रिटनमध्ये इतका बोलबाला झाला की ते औषध म्हणून लिहून दिले जाई. परिणाम सिद्ध होईना, तेव्हा २००२ मध्ये त्याचा औषध म्हणून असलेला परवाना रद्द झाला. डॅनॅझॉल हे औषध गुणकारी, पण चेहऱ्यावर लव, वजनवाढ असे त्याचे दुष्परिणाम. तपासणीत काही वावगे नाही हे कळल्यावर अनेकींना औषध लागतच नाही. बाकीच्यांना मापाची, घट्ट आधाराची ब्रा आणि डायक्लोफेनॅकचे मलम बऱ्यापैकी आराम देते. गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले किंवा एकाच जागी सतत दुखत राहिले, तर तक्ता भरत न बसता तपासून घ्यावे लागते.