मुंबईचा प्लेग आणि शहराचा कचरा

मुंबईतील १८९६च्या प्लेगचा इतिहास बहुधा घरांच्या झडत्या, सक्तीची इस्पितळे, हाफकिन यांची लस आणि पुण्यातील रँडचा वध या ठरलेल्या क्रमाने सांगितला जातो; त्या साथीत शहराचा केर आणि मैला रोजच्या रोज कोण उचलत होते, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. वस्तुतः महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना त्या हिवाळ्यात रोगाइतकीच, किंबहुना काही आठवडे रोगाहून अधिक, काळजी याच प्रश्नाची होती. गिरण्या अर्ध्या माणसांवर रखडत चालतात, बाजारपेठा काही काळ ओस पडल्या तरी निभावते. परंतु ज्या शहरातील मैला माणसांना डोक्यावरून वाहून न्यावा लागतो, तेथे ही माणसे आठवडाभर जरी निघून गेली तरी उरलेल्यांना राहणे अशक्य होते. सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेल्या माणसांवर शहर किती अवलंबून आहे, हे प्लेगने उघड केले, आणि हे अवलंबित्व मान्य करण्याऐवजी कचराच नजरेआड करण्याचा जो मार्ग प्रशासनाने निवडला, त्याचे परिणाम शहर आजही वागवीत आहे.

प्लेगपूर्व मुंबईत घाण काढण्याचे काम दोन वर्गांत विभागलेले होते. घरोघरच्या शौचकुपांतून मैला काढणाऱ्यांना हलालखोर म्हणत, तर रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे आणि केर बैलगाड्यांत भरणारे मजूर बिगारी म्हणून ओळखले जात. हलालखोर मुख्यत्वे गुजरात-काठेवाडातून आलेल्या कुटुंबांतले होते; बिगाऱ्यांमध्ये कोकण आणि देशावरील महार समाजातील माणसांचा भरणा मोठा होता. दोघांनाही कामावर घेणे, हजेरी मांडणे आणि अडीनडीला व्याजाने पैसे देणे हे मुकादमाच्या हाती असल्याने महापालिकेचा या माणसांशी थेट संबंध फारच थोडा येई. जुन्या वस्त्यांत दोन इमारतींच्या पिछाड्यांमध्ये एक अरुंद बोळ सोडलेला असे, त्याला घरगल्ली म्हणत. मजल्या-मजल्यावरच्या मोऱ्यांचे पाणी, शौचकुपांतून खाली पडणारा मैला आणि खिडक्यांतून भिरकावलेले खरकटे हे सर्व याच बोळात उतरे. हलालखोर पहाटे तेथे आत शिरत, टोपल्या भरून बाहेर काढत आणि ठराविक ठिकाणी गाड्यांत किंवा मैलागटारात रिकाम्या करत. १८८८च्या महापालिका कायद्याने मालमत्ता करातच ‘हलालखोर कर’ नावाची स्वतंत्र बाब घातली होती. पुढे तिचे नाव बदलून मलनिःसारण कर झाले.

सुक्या केराची वाट निराळी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्र अडवल्यावर महालक्ष्मीच्या अंगाला जी सखल, दलदलीची जमीन उरली, ती भरून काढायला शहराचा केर ही फुकटची भरणी ठरली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कचरा मुंबईतच मुरत गेला, आणि आज ज्या जमिनीला सोन्याचा भाव आहे तिचा काही भाग त्या काळच्या घरोघरच्या केरावर उभा आहे. दुर्गंधीच्या तक्रारी होत असत. पण जमीन वाढत होती तोवर त्या फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत.

हे काम करणाऱ्यांना आपल्या शक्तीची जाणीव नव्हती असे नाही. सफाई कामगारांचे संप प्लेगच्या आधीही झाले होते. त्यांना उत्तर म्हणून सरकारने १८९०मध्ये जो म्युनिसिपल नोकरांचा कायदा केला, त्यानुसार हलालखोरांसारख्या नोकरांनी दोन महिन्यांची आगाऊ सूचना न देता किंवा सबळ कारणावाचून काम सोडले तर तो तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरला. इतर मजुराने नोकरी सोडली तर मालकाने फार तर पगार कापावा. येथे मात्र नोकरी सोडणे हाच फौजदारी अपराध झाला. हा कायदा पुढे कित्येक दशके टिकला, आणि अस्पृश्यतेचे कायदेशीर रूप दाखवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्याकडे बोट दाखवले. प्लेग आला त्या वेळी महापालिकेच्या हातात ही कायद्याची काठी होती. ती उगारण्याचे धैर्य मात्र प्रशासनाला झाले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात गोव्याच्या हडफडे गावचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे जांघेत वा काखेत गाठी येणाऱ्या प्लेगचे निदान केले. अलेक्झांडर येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. पण तो जंतू माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. साहजिकच सडणाऱ्या घाणीतून विषारी वाफा निघतात आणि त्यांतून रोग होतो या जुन्या समजुतीवर उपाय आखले गेले. गटारे समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांच्या मिश्रणाने दिवसचे दिवस धुतली गेली, बिगाऱ्यांच्या जादा टोळ्या घरगल्ल्यांत घातल्या गेल्या, खोल्याखोल्यांतील साठवलेला केर आणि भंगार गाड्या भरभरून बाहेर काढून जाळले गेले, भिंतींना चुना फासला गेला आणि उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. त्या काळच्या छायाचित्रांत आगीचे बंब चाळींवर जंतुनाशकाचे फवारे सोडताना दिसतात. बंबाच्या नळ्या धरलेले मजूर अनवाणी आहेत आणि देखरेख करणारे अधिकारी काही पावले मागे उभे आहेत. काहींनी तर १८९२मध्ये सुरू झालेल्या तानसाच्या पाण्यालाच दोष दिला. निचऱ्याची सोय न करता शहरात एवढे पाणी आणल्याने जमिनीखाली दलदल माजली, असे त्यांचे म्हणणे होते, आणि रोगाच्या बाबतीत ते चुकीचे असले तरी गटारांच्या बाबतीत निराधार नव्हते.

६ ऑक्टोबर १८९६च्या जाहीरनाम्याने आयुक्तांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे आणि घरे रिकामी करण्याचे अधिकार वापरायला सुरुवात केली. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला, आणि दुसऱ्याच दिवशी घरी योग्य विलगीकरण होत असेल तर रोग्याला नेले जाणार नाही, अशी नरमाईची घोषणा झाली. या माघारीचे श्रेय बहुधा दंग्याच्या भीतीला दिले जाते, आणि ती भीती खरी होती. परंतु स्नो यांच्या अहवालावरून दिसते ते असे, की त्यांना अधिक धाक होता तो हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील याचा. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा त्यांच्या वस्त्यांतही तितक्याच वेगाने पसरत होती, आणि काठेवाडचा रस्ता सर्वांनाच ठाऊक होता. १८९१च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून थोडी अधिक असलेली लोकसंख्या १८९७च्या आरंभीपर्यंत जवळजवळ अर्ध्यावर आली. व्यापारी गेले, कारकून गेले, गिरणी कामगार गेले. हलालखोर मोठ्या संख्येने राहिले, म्हणून शहर राहिले. ते का राहिले याची उत्तरे अहवालांत फारशी सापडत नाहीत, कारण त्यांना ते कोणी विचारले नव्हते. मुकादमाचे कर्ज, पहाऱ्याची आणि शिक्षेची धास्ती, आणि गावी परतूनही वाट्याला दुसरे काम येणार नाही ही जाण, यांपैकी कशाचा किती वाटा होता हे आता केवळ तर्काने सांगता येते.

साफसफाईच्या या प्रचंड खटाटोपाचा रोगावर काय परिणाम झाला, याचा हिशेब पुढील दशकात लागला. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत उंदरावरची पिसू हा रोगाचा वाहक असल्याचे दाखवले, तरी वैद्यकीय जगाने ते मान्य करायला वेळ घेतला. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत उंदरांचा पद्धतशीर शोध सुरू केला तेव्हा मेलेला उंदीर ही कचऱ्याची एक स्वतंत्र जात ठरली. एरवी केराबरोबर गाडीत जाणारा हा प्राणी आता कोणत्या गल्लीत, कोणत्या घराजवळ सापडला त्याची चिठ्ठी लावून परळच्या प्रयोगशाळेत पाठवला जाऊ लागला, आणि एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तेथे तपासले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा सूचक होता: साथ आधी गटारात राहणाऱ्या मोठ्या उंदरांत पसरते, साधारण दहा दिवसांनी घरात राहणाऱ्या काळ्या उंदरांत येते आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत उतरते. गावोगावचे लोक हे आपल्या परीने आधीच ओळखून होते. घरात ‘उंदीर पडू लागले’ की वाट न पाहता माळावर झोपड्या घालून राहायला जाण्याची रीत महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षे चालली. या ज्ञानाच्या उजेडात पाहिले तर १८९६च्या गटारधुण्याने बिळांतले उंदीर उलट घरांकडे हाकलले गेले असावेत, ही अनेक अभ्यासकांची शंका रास्त वाटते. तथापि घरगल्लीतले खरकटे आणि मांडवीच्या वखारींतून सांडणारे धान्य हेच उंदरांचे पोषण होते, तेव्हा केर वेळेवर उचलण्याचा आग्रह चुकीच्या कारणाने का होईना, अगदीच वाया गेला नव्हता.

प्लेगने मुंबईला ज्या कायमच्या गोष्टी दिल्या, त्यांत १८९८च्या नगर सुधारणा न्यासाचे, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे नाव नेहमी घेतले जाते. देवनारचे नाव मात्र सहसा घेतले जात नाही. शहरात केर मुरवण्याची जुनी पद्धत साथीच्या धास्तीने एकाएकी असह्य झाली, आणि १८९७मध्ये महापालिकेने चेंबूरच्या पलीकडे देवनार येथे, खाडीकाठची आठशेहून अधिक एकरांची खाजण जमीन घेतली. शतक संपता संपता कचऱ्याच्या आगगाड्या शहरातून तिकडे जाऊ लागल्या. कुर्ला ते चेंबूर ही रेल्वेची वाट १९०६मध्ये मुळात कचऱ्यासाठी टाकली गेली आणि प्रवाशांसाठी खुली व्हायला १९२४ उजाडले. हार्बर मार्गावरून रोज जाणाऱ्या लाखोंच्या हे गावीही नसते. ज्या जागी कचरा गेला त्या जागी पुढे शहराने नकोशी वाटणारी माणसेही पाठवली. ठिकठिकाणच्या झोपड्या उठवून देवनारलगत गोवंडीच्या परिसरात पुनर्वसन झाले, आणि कचऱ्याच्या डोंगरालगत त्यातून भंगार वेचून जगणाऱ्यांची दाट वस्ती तयार झाली.

मार्च २०२०मध्ये कोविडसाठी महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला, तो प्लेगच्याच वेळचा, ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा होता. टाळेबंदीत बाजार, कार्यालये आणि उपाहारगृहे बंद पडल्याने मुंबईचा रोजचा कचरा बराच घटला, मात्र त्याचा स्वभाव बदलला: मुखपट्ट्या, हातमोजे, चाचणीच्या कांड्या आणि अंगभर घालायचे प्लास्टिकचे पोशाख यांचे प्रमाण वाढले. रुग्णालयांतून निघणाऱ्या संसर्गजन्य कचऱ्यासाठी, म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्यासाठी, २०१६चे नियम आधीच होते. त्यांनुसार असा कचरा पिवळ्या पिशवीत बांधून दाहक भट्टीत जाळावा लागतो, आणि मुंबईसाठी ही सामाईक सोय देवनारच्याच परिसरात होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या वर्षी आपल्या सूचना पुन्हा पुन्हा बदलल्या. आरंभी विलगीकरणातील बहुतेक सर्वच वस्तू पिवळ्या पिशवीत टाकण्याकडे कल होता. मग उरलेले जेवण, कागदी ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या यांनीच भट्ट्यांवर भार येऊ लागला, तेव्हा साधा कचरा वेगळा ठेवावा आणि सामान्य घरांतील मुखपट्ट्या ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मगच केरात द्याव्यात, असे ठरले. या सूचना कागदावर नीट होत्या. कचऱ्याच्या गाडीवर चढून पिशव्या हाताने ओढणाऱ्या मोटर लोडरला, म्हणजे गाडी भरणाऱ्या कामगाराला, कोणती पिशवी किती तासांची आहे हे कळण्याचा मार्ग मात्र त्यांत नव्हता.

त्या गाड्यांवरील सर्व माणसे महापालिकेच्या नोकरीत नव्हती. मधल्या काळात कायम सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळण्याची सोय झाली होती, जिने सुरक्षितता दिली आणि काम जातीला बांधूनही ठेवले. दुसऱ्या बाजूला १९९०नंतर वाढत्या प्रमाणात कंत्राटदारांमार्फत माणसे घेतली जाऊ लागली. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि त्याची अंमलबजावणी रखडत असतानाच कोविडची साथ आली. मुकादमाच्या जागी कंत्राटदार आला होता. महापालिका आणि कचरा उचलणारा यांच्यामधले अंतर पूर्वीसारखेच होते.

देवनारला कचरा टाकणे थांबवण्याबाबत उच्च न्यायालयाने वारंवार मुदती घातल्या आणि त्या वाढवल्या. २०१६च्या मोठ्या आगींनंतरही डोंगर जागेवरच राहिला. २०२५मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा शास्त्रीय पद्धतीने उपसून जमीन मोकळी करण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली, आणि याच जमिनीपैकी सुमारे सव्वाशे एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी राखण्यात आली.