७३ टक्के नेमके कशाचे?

‘१९७० पासून जगातले ७३ टक्के वन्यजीव नष्ट झाले.’ ऑक्टोबर २०२४ पासून हे वाक्य बातम्यांत, भाषणांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत सर्रास आढळते. त्याला आधार दिला जातो तो डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालाचा. त्या अहवालात असे विधान नाही.

अहवालात ५,४९५ पृष्ठवंशीय प्रजातींच्या सुमारे ३५ हजार समूहांच्या नोंदी आहेत. प्रत्येक समूह किती पटीने घटला किंवा वाढला हे काढून त्या पटींची सरासरी घेतली जाते. १९७० ते २०२० या काळातली ती सरासरी घट ७३ टक्के. एकूण प्राणी किती उरले, हा प्रश्न या आकड्याच्या कक्षेतच येत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. एका ओढ्यात ५० बेडूक होते, ५ उरले. दुसऱ्या तळ्यात १०,००० होते, तेवढेच राहिले. पहिल्याची पट ०.१, दुसऱ्याची १. अहवालातला हा सरासरीचा निर्देशांक साधी सरासरी घेत नाही, भूमितीमध्य घेतो. दहावीच्या भूमितीत भेटतो तोच. तो येतो सुमारे ०.३२, म्हणजे घट ६८ टक्के. प्रत्यक्षात १०,०५० पैकी गेले ४५ बेडूक, अर्धा टक्कासुद्धा नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

भूमितीमध्य वापरण्यात लबाडी नाही, हेही सांगितले पाहिजे. शंभराचे पन्नास झाले की घट ५० टक्के, पन्नासाचे पुन्हा शंभर झाले की वाढ १०० टक्के. साध्या टक्केवारीत हे दोन बदल एकमेकांना रद्द करत नाहीत, पटीच्या हिशेबात करतात. पण याच हिशेबात जवळपास शून्याला पोचलेले मोजके समूह साऱ्या सरासरीला खाली ओढतात. २०२० साली ‘नेचर’मध्ये ब्रायन लेउंग आणि सहकाऱ्यांनी याच माहितीसाठ्यातले चौदा हजारांहून अधिक समूह तपासले. अतिवेगाने कोसळणारे तीन टक्क्यांहून कमी समूह बाजूला काढताच पन्नास टक्क्यांहून मोठी घट नाहीशी होऊन जागतिक कल किंचित वाढीचा दिसू लागला.

यावर आक्षेप येतो: अशा चिकित्सेने निसर्ग ओरबाडणाऱ्यांचे फावते, लोकांना हलवायला मोठा आकडाच लागतो. मला हा आक्षेप अजिबात मान्य नाही. ते तीन टक्के समूह म्हणजे दुर्लक्षिण्याजोगा अपवाद नव्हे. संकट तिथेच आहे, आणि सरासरी त्याचा पत्ता पुसून टाकते.

आपली गिधाडे घ्या. १९९० च्या दशकारंभी विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतात ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात गिधाडे मोजली. पुढे त्याच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट दिसली. लांब चोचीच्या गिधाडांत ती जवळपास ९७ टक्के होती. इथे प्रजाती ठाऊक, वाट ठाऊक, आरंभवर्ष ठाऊक. म्हणून कारणाचा शोध नेमक्या दिशेने जाऊ शकला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून दाखवले की, गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. जगाच्या एका सरासरीकडे पाहून कोणी त्या औषधापर्यंत पोचला नसता.

पुढचा अहवाल येईल तेव्हा वृत्तसंपादकांनी मथळ्यात ‘सरासरी’ हा शब्द गाळू नये. मजकुरात निदान एवढे द्यावे: कोणत्या प्रजाती, कोणत्या प्रदेशात, कोणत्या वर्षापासून आणि कशा मोजल्या.