दोन साक्षी

एकाच माणसाविषयीं त्याचें काव्य एक सांगतें आणि न्यायालयाचें दप्तर दुसरेंच सांगतें, तेव्हां इतिहासाच्या अभ्यासकानें कोणाचा शब्द प्रमाण मानावा? पंधराव्या शतकांतील फ्रेंच कवि फ्रान्स्वा व्हियों याचें चरित्र वाचतांना हा प्रश्न टाळतांच येत नाहीं.

व्हियोंचा जन्म इ. स. १४३१ मधला. त्याच वर्षीं जोन ऑफ आर्क हिला रूआं येथें जाळण्यांत आलें. इंग्रजांशीं चाललेल्या दीर्घ युद्धानें पॅरिसची दैना झाली होती. मुलाची आई दरिद्री व निरक्षर होती. गीयोम द व्हियों नांवाच्या धर्मोपदेशकानें त्याला पदरीं घेतलें, शिकविलें. त्याचेंच नांव मुलानें पुढें लावलें. १४५२ मध्यें फ्रान्स्वा पॅरिस विद्यापीठाचा एम्. ए. झाला. पदवी हातीं आली, पण पोटाची सोय झाली नाहीं. रस्त्यावरचे सोबती मात्र मिळाले. ५ जून १४५५ रोजीं एका भांडणांत त्याच्या हातून एका धर्मगुरूचा प्राण गेला. पुढील जानेवारींत राजानें त्याला क्षमा केली.

त्याच १४५६ सालच्या नाताळाच्या सुमारास चारदोन साथीदारांसह त्यानें नाव्हार कॉलेजांतील पेटी उघडून ५०० सुवर्णमुद्रा लांबविल्या. आणि नवल असें कीं, त्याच दिवसांतलें म्हणून त्याचें ४० कडव्यांचें एक काव्य उपलब्ध आहे! थंडीच्या रात्रीं एकटाच खोलींत बसून, सॉर्बोनची घंटा ऐकत आपण हें लिहीत आहों, असें तो सांगतो. एका निष्ठुर स्त्रीनें आपलें हृदय मोडलें, म्हणून आपण पॅरिस सोडून आंजे गांवीं निघालों, असें त्यांत म्हटलें आहे.

वाचकांनीं कित्येक शतकें ही प्रेमव्यथा खरी मानली. पुढें ऑग्युस्त लाँन्यों या संशोधकानें जुनीं दप्तरें धुंडाळून १८७७ मध्यें कवीचें चरित्र प्रसिद्ध केलें. साथीदार गी ताबारी याच्या १४५८ मधील जबानीप्रमाणें व्हियों आंजेस गेला तो तेथील एका वृद्ध साधूच्या द्रव्याची टेहळणी करावयास!

मग प्रेम ही निव्वळ सबब होती काय? मला तसें वाटत नाहीं. चोरी उघडकीस आली ती मार्च १४५७ मध्यें. काव्य लिहिलें तेव्हां त्याच्यावर कोणाचा संशयही नव्हता. शिवाय सबब सांगावयास एक वाक्य पुरें होतें. त्यासाठीं कोणी ४० कडवीं रचीत नाहीं. १४६१ मध्यें त्यानें आपलें थोर काव्य ‘मृत्युपत्र’ लिहावयास घेतलें, तेव्हां चोरी जगजाहीर झालेली होती व लपविण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. तरीही ती जखम तेथें ओली आहे. कॅथरिन नांवाच्या स्त्रीपायीं खाल्लेला मारही तो सांगून टाकतो. त्याच काव्यांत निरक्षर आईसाठीं रचलेली प्रार्थना आहे, गीयोमविषयीं कृतज्ञता आहे, आणि शाळा चुकवून पळालों नसतों तर आज आपलें घर व मऊ अंथरूण असतें, हा पश्चात्तापही आहे.

तेव्हां दोन्ही साक्षी मला खऱ्या वाटतात. आंजेच्या वाटेनें चोर गेला आणि प्रियकरही गेला; पाय मात्र एकाच माणसाचे होते. न्यायालयानें त्याचें कृत्य पाहिलें. त्याला काय व्हावयाचें होतें, तें त्याच्या काव्याखेरीज कोठेंच नोंदलें गेलें नाहीं.

पश्चात्तापानें तो सुधारला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १४६२ मध्यें तो पुन्हा पकडला गेला. नाव्हारच्या चोरीपैकीं १२० मुद्रा फेडण्याच्या कबुलीवर सुटला, आणि लगेच दुसऱ्या दंग्यांत सांपडून फांशीची शिक्षा घेऊन बसला. ५ जानेवारी १४६३ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द करून त्याला दहा वर्षें हद्दपार केलें. त्या दिवसानंतर दप्तरांत त्याचें नांव आढळत नाहीं. कोठें गेला, कसा मेला, कोणास ठाऊक नाहीं. आम्हां शिक्षकांना मात्र या कथेंतील गीयोम विसरतां येत नाहीं. ज्या मुलाला त्यानें हातीं धरून विद्यापीठाच्या पायऱ्या चढविल्या, त्याला गल्लींतून परत आणणें त्याला साधलें नाहीं. पण त्यानें दिलेलें नांव आज साडेपांच शतकांनंतरही जग आदरानें घेतें.