किल्ल्यातले पांढरे उंदीर

साल १९७१, महिना जुलै. बोलोन्या शहराच्या उत्तरेला पसरलेल्या सपाट मैदानातून, नावीले कालव्याच्या कडेकडेने तुम्ही चालत आला आहात. समोर बेंतिवोल्यो गावचा किल्ला उभा आहे. पंधराव्या शतकात बोलोन्याचा सत्ताधीश जोव्हान्नी बेंतिवोल्यो याने तो शिकारीसाठी आणि मेजवान्यांसाठी बांधून घेतला होता. आज आत पाऊल टाकताच नाकात शिरतो तो उंदरांचा वास. भुसा, मूत्र, खाद्य, जंतुनाशक. आणि कुठल्याही खोलीत गेलात तरी पाठ न सोडणारी पंख्यांची घरघर.

तुमच्या अंगावर पांढरा डगला आहे. काम तुम्हाला नेमून दिलेलं आहे. पिंजऱ्यातून एकेक पांढरा उंदीर उचलायचा, त्याची खूण वहीत पडताळायची आणि त्याला हवाबंद पेटीत सोडायचं. पेटीच्या एका बाजूने मोजून मिसळलेली हवा आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर ओढली जाते. त्या हवेत विनाईल क्लोराईड हा वायू आहे. पहिल्या पेटीत हवेच्या दहा लाख भागांमागे १०,००० भाग, म्हणजे १०,००० पीपीएम. पुढच्या पेट्यांत ६,०००, २,५००, ५००, २५० आणि ५०. एका गटाला फक्त स्वच्छ हवा. दर गटात ३० नर, ३० माद्या. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, सलग ५२ आठवडे.

उंदीर तुमच्या मुठीत गरम लागतो. त्याच्या छातीचे भाते इतके भराभर हलतात की मोजता येत नाहीत. विष पोटातून द्यायचं तर ते खाद्यात मिसळता येतं, किती खाल्लं ते तोलताही येतं. श्वासाचं तसं नसतं. हवा सारखी बदलत राहते, वायू कोपऱ्यात साठतो, एखादी फट राहिली की सगळा आकडा खोटा पडतो. म्हणून तुम्ही दिवसभर नळ्यांचे सांधे चाचपता, प्रवाहमापकाचा काटा बघता, पेटीतल्या हवेचा नमुना काढून तपासायला देता. या कामात प्रामाणिकपणा म्हणजे हेच. मात्रा खरी असली पाहिजे, नाहीतर त्या मुक्या जिवाचा वर्षभराचा श्वास वाया गेला.

हा वायू दिसत नाही. त्याला मंद गोडसर वास आहे, पण तो माणसाच्या नाकाला कळायला हवेत तो काही हजार पीपीएम व्हावा लागतो. वास आला म्हणजे धोक्याची रेषा केव्हाच मागे पडलेली असते. याच वायूचे रेणू एकमेकांना जोडून पीव्हीसी होतं. पाण्याचे पाइप, वायरींवरचं वेष्टण, रेनकोट, चपला, गाण्याच्या तबकड्या, रक्ताच्या पिशव्या. मुंबईत चेंबूरलाही १९६१ पासून पीव्हीसी तयार होतंय. अमेरिकेत तर केसांवर मारायच्या फवाऱ्याच्या डब्यात दाब यावा म्हणून हाच वायू भरतात आणि बायका रोज सकाळी बंद न्हाणीघरात तो श्वासाबरोबर घेतात.

या प्रयोगाचे प्रमुख आहेत डॉ. चेझारे माल्तोनी, बोलोन्याचे कर्करोगतज्ज्ञ. पैसा दिला आहे युरोपातल्या विनाईल क्लोराईड बनवणाऱ्या कंपन्यांनी. त्यांना असं करणं भाग पडलं ते व्हियोला नावाच्या दुसऱ्या एका इटालियन डॉक्टरमुळे. पीव्हीसीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरून साफसफाई करणाऱ्या कामगारांच्या बोटांची टोकाची हाडं झिजत होती. ते दुखणं प्राण्यांत दिसतं का, हे बघायला व्हियोलांनी उंदरांना ३०,००० पीपीएम इतकी प्रचंड मात्रा वर्षभर दिली. हाडांचं कोडं बाजूलाच राहिलं, उंदरांच्या अंगावर कर्करोगाच्या गाठी उठल्या. १९७० साली ह्यूस्टनच्या कर्करोग परिषदेत त्यांनी ते सांगितलं. कंपन्यांचं म्हणणं साधं होतं: इतकी मात्रा कुठल्या कामगाराला मिळते? म्हणून माल्तोनींनी मात्रा पायरीपायरीने खाली उतरवली आहे.

त्यांची एक पद्धत तुम्हाला आधी विचित्र वाटते. बहुतेक प्रयोगशाळांत ठरलेल्या दिवशी सगळे उंदीर मारून तपासतात. माल्तोनी मारत नाहीत. वायू ५२ आठवड्यांनी थांबतो, पण उंदीर आपल्या मरणाने मरेपर्यंत पिंजऱ्यात राहतो. माणसाला कारखान्यातला कर्करोग उतारवयात गाठतो, मग उंदराचं उतारवय कापून टाकलं तर दिसणार काय? मला हा युक्तिवाद निर्विवाद वाटतो. उंदीर मेला की त्याचा एकूण एक अवयव काढला जातो, मेणात बसवून पातळ कापला जातो, रंगवून काचेवर ठेवला जातो.

आता १९७२. तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकला आहात. पहिल्या गाठी कानाजवळच्या झिम्बल ग्रंथीत सापडल्या होत्या. ही ग्रंथी माणसाला नसते, त्यामुळे नाकारणाऱ्यांची सोय झाली होती. पण या काचेवर यकृत आहे. जिथे नीट रांगेत पेशी हव्यात तिथे रक्ताने भरलेल्या वेड्यावाकड्या पोकळ्या आहेत आणि त्यांच्या कडेने फुगलेली, काळपट केंद्रं दाटली आहेत. यकृताचा अँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणारा कर्करोग. माणसांत तो इतका दुर्मीळ की अख्ख्या अमेरिकेत वर्षाला पंचवीस-तीस रुग्ण सापडावेत. तुम्ही काचेवरचा क्रमांक वहीत शोधता. मात्रा: २५० पीपीएम.

अमेरिकेतल्या कारखान्यांत या घडीला ५०० पीपीएमपर्यंतची हवा कायदेशीर आहे. त्याच्या निम्म्या मात्रेवर हा उंदीर मेला आहे.

असं का घडतं हे पुढे उलगडलं. फुप्फुसातून वायू रक्तात जातो, रक्तातून यकृतात. बाहेरचा पदार्थ मोडून टाकायचं काम यकृताकडे असतं. विनाईल क्लोराईड मोडताना त्याचा एक अतिशय चिकट, डीएनएला जाऊन बसणारा तुकडा तयार होतो. ही रासायनिक क्रिया उंदरात होते तशीच तुमच्या-माझ्यात होते. झिम्बल ग्रंथी नसेल, यकृत आहे.

इथे क्षणभर थांबून मला जे वाटतं ते सांगतो. त्या उंदरांना कुणी विचारलं नव्हतं. विनाईल क्लोराईडवर माल्तोनींनी पुढची वर्षं जे प्रयोग केले, २५, १०, ५ आणि १ पीपीएमपर्यंत खाली जाऊन, त्यांत मिळून सुमारे सात हजार प्राणी गेले. हे क्रौर्य आहे, आणि प्रयोगाची गरज मान्य करूनही ते क्रौर्यच राहतं. त्याची एकच परतफेड शक्य असते: जे कळलं ते ज्याच्या छातीत तो वायू जातोय त्या माणसाला ताबडतोब सांगणं.

१९७२ च्या ऑक्टोबरात युरोपीय कंपन्यांनी आणि अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेने गुप्ततेचा करार केला. या निकालांची देवाणघेवाण आपसात होईल, बाहेर शब्द जाणार नाही. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेहून प्रतिनिधी किल्ल्यात येतात. तुम्ही त्यांना पेट्या दाखवता, वह्या दाखवता. ते बघतात, टिपून घेतात, परत जातात. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारची व्यावसायिक आरोग्य संस्था जाहीर विनंती करते: विनाईल क्लोराईडविषयी ज्याच्याकडे जे असेल ते कळवा.

१७ जुलै १९७३. या वेळी तुम्ही उद्योगाच्या प्रतिनिधींपैकी एक आहात, त्या संस्थेच्या अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत बसला आहात. उद्योगाची माणसं वायूच्या सुरक्षिततेबद्दल सविस्तर बोलतात. तुमच्या खिशातल्या चिठोऱ्यावर २५० हा आकडा आहे. टेबलावर तो येत नाही. ही मौनाची कागदपत्रं लुईझियानातल्या एका कामगाराच्या कुटुंबाने लढवलेल्या दाव्यामुळे बाहेर आली, तोवर जवळपास पाव शतक सरलं होतं.

आता तुमचा पांढरा डगला काढा. केंटकी राज्यातलं लुईव्हिल, गुडरिच कंपनीचा पीव्हीसी कारखाना. दोन माणसांएवढ्या उंच रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून तुम्ही शिडीने आत उतरता. भिंतींवर पीव्हीसीची साय कडक होऊन बसली आहे. ती हातोडी-छिन्नीने, खरवडणीने काढायची. पापुद्रा सुटला की मागे अडकलेला वायू मोकळा होतो. गोडसर वास येतो. थोड्या वेळाने डोकं हलकं होतं, जणू चार घोट घेतलेत. वर उभा असलेला सोबती हाक मारत राहतो, कारण माणूस आत गुंगून पडल्याचं त्याला ठाऊक आहे. इथे पेटीच्या हवेचा नमुना कुणी घेत नाही. तुमची मात्रा वहीत नाही. किल्ल्यातल्या प्रत्येक उंदराचं शवविच्छेदन होतं, तुमच्या ओळखीतला जो यकृताच्या दुखण्याने गेला त्याचं झालंच असेल असं नाही.

इथे कारखान्याचे डॉक्टर आहेत जॉन क्रीच. त्यांच्या लक्षात येतं की एकाच कारखान्यातली तीन माणसं यकृताच्या अँजिओसार्कोमाने गेली आहेत. उभ्या देशात पंचवीस-तीस, आणि एका फाटकाच्या आत तीन. जानेवारी १९७४ मध्ये कंपनी हे जाहीर करते. जुने मृत्यू पुन्हा तपासले जातात तशी आणखी प्रकरणं सापडत जातात, इथे आणि इतर देशांतही. क्रीच आणि त्यांचे सहकारी मॉरिस जॉन्सन यांचा छोटासा शोधनिबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पीव्हीसी कारखान्यांत धडकी भरली. बेंतिवोल्योच्या काचेवर दिसलेलंच त्यांनी माणसांत पाहिलं होतं.

पुढचं झपाट्याने झालं. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेने मर्यादा तातडीने ५०० वरून ५० वर आणली. काही दिवसांतच कळलं की ५० पीपीएमवरही प्रयोगातल्या प्राण्यांना तोच कर्करोग होतो. मग आठ तासांची सरासरी १ पीपीएम ठरली. उद्योगाने आकांत केला की कारखाने बंद पडतील, लाखो लोक बेकार होतील. ते न्यायालयात गेले आणि १९७५ च्या जानेवारीत हरले. एप्रिलपासून १ पीपीएम लागू झालं. रिअ‍ॅक्टर उघडावा न लागता तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याची सोय झाली, गळती बंद झाली, वाया जाणारा वायू परत वापरात आला. पीव्हीसीचा धंदा बुडाला नाही, वाढला. जे अशक्य म्हणून सांगितलं होतं ते वर्ष-दोन वर्षांत करून दाखवता आलं. मग १९७२ मध्येच का नाही, हा प्रश्न मला शांत बसू देत नाही.

आता आपल्या काळात, आपल्या घरी या. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनांची मर्यादा ठरवणारं परिशिष्ट त्यात आलं आणि विनाईल क्लोराईडसमोर ५ पीपीएम असा आकडा लिहिला गेला. त्याच दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणं मालकावर बंधनकारक केलं, कामगाराला स्वतःच्या तपासणीच्या नोंदी बघायचा हक्क दिला. तुमच्या घरातलं कुणी रसायनीला, लोट्याला, तारापूरला, धाटावला कामाला जात असेल तर त्याला आजच सांगा. ज्या वायूत तो उभा राहतो त्याचं नाव, त्याची ठरवलेली मर्यादा आणि शेवटचं मोजमाप, हे तिन्ही त्याने लेखी मागावं. न मिळाल्यास युनियनने मागावं, तिथेही नाही मिळालं तर वस्तीने मागावं. ही माहिती कुणाची मेहेरबानी नाही. तिच्यासाठी जीव आधीच गेलेले आहेत.