एआयएस-१५६ : विजेवरील दुचाकींच्या बॅटरीचे सुरक्षा-मानक

विजेवर चालणाऱ्या दुचाकी, तिचाकी आणि हलक्या चौचाकी वाहनांना (एल-वर्ग) भारतात लागू असलेले सुरक्षा-मानक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानक समितीच्या वतीने ते पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था प्रसिद्ध करते. त्याचा पाया संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्र. १३६ हा आहे. त्याआधी अशा बॅटऱ्या एआयएस-०४८ नुसार तपासल्या जात. मोटारी, बस व ट्रक यांच्यासाठी एआयएस-०३८ आहे.

स्कूटरच्या बॅटरी पॅकमध्ये अनेक लिथियम-आयन सेल जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये धन व ऋण पट्ट्यांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. धातूचा कण, धक्का, अतिचार्जिंग किंवा उष्णता यांमुळे तो फाटला की सेलमध्येच शॉर्टसर्किट होते. रासायनिक अभिक्रियेची उष्णता पुढची अभिक्रिया पेटवते, ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतात आणि शेजारचा सेल तापू लागतो. या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेट (एलएफपी) सेलमध्ये ती निकेलयुक्त सेलपेक्षा अधिक तापमानाला सुरू होते. अर्थात, एलएफपी बॅटरी पेटतच नाही हा बाजारातला समज चुकीचा आहे.

मानकानुसार पॅकला कंपन, यांत्रिक धक्का, बाहेरून केलेले शॉर्टसर्किट, अतिचार्जिंग, अतिडिस्चार्ज आणि अतितापमान या चाचण्या द्याव्या लागतात. उष्णताबदलाच्या चाचणीत पॅक सहा तास ६० अंश सेल्सिअसला, मग सहा तास उणे ४० अंशांना ठेवतात आणि हे चक्र पाच वेळा करतात. काढून घरात नेता येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर टाकून पाहतात.

या मानकाला खरी धार आली ती २०२२ मध्ये, आणि त्यासाठी माणसांचे जीव जावे लागले. मार्चमध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या धुरात वडील व मुलगी गुदमरून मरण पावले. त्याच महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर जळाली. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला स्कूटर शोरूममधून पसरलेल्या आगीने वरच्या हॉटेलातील आठ जणांचा बळी घेतला. त्याच महिन्यात वसईत बॅटरीचा घरात स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून झालेली दुरुस्ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली.

दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे एक सेल पेटला तरी आग पॅकभर पसरू नये, याची चाचणी. सेल आयएस १६८९३ या भारतीय मानकानुसार प्रमाणित असणे, सेलमध्ये पुरेसे अंतर व वायू बाहेर सोडणारी झडप असणे, वाढत्या तापमानाची चालकाला दिव्याने व आवाजाने सूचना मिळणे बंधनकारक झाले. पॅक पाण्यात बुडवूनही तपासतात. आपल्याकडचा पावसाळा पाहता ही अट आधीच हवी होती. चार्जरने बॅटरी भरताच वीज तोडली पाहिजे, हीही अपेक्षा आहे.

प्रमाणपत्र मिळते ते कारखान्यातून निघालेल्या पॅकला. गॅरेजमध्ये सेल बदलून दुरुस्त केलेला पॅक, स्वस्तातला दुसरा चार्जर किंवा साध्या सायकलला बसवलेले मोटार-किट यांची जबाबदारी ते घेत नाही. धोक्याची मोठी फट इथेच आहे. २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या मोटारीच्या आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या सायकलींना आरटीओ नोंदणी लागत नाही, त्यामुळे अशा वाहनांत नंतर केलेले फेरफार सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे दगावली. तिथे त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ई-सायकलींना यूएल २८४९ व सुट्या बॅटरीला यूएल २२७१ या सुरक्षा-मानकाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय विक्री करता येत नाही. सुट्या बॅटरीच्या विक्रीवर असाच चाप आपल्याकडेही बसायला हवा.

वापरणाऱ्याने बॅटरी घेताना एआयएस-१५६ चा उल्लेख व उत्पादनाची तारीख पाहावी आणि कंपनीचाच चार्जर वापरावा. फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर किंवा झोपण्याच्या खोलीत कोणतीही बॅटरी रात्रभर चार्ज करू नये.